कबुलीजबाब आणि मुद्देमाल : टास्मानियातील सात दिवस

दिवस पहिला : होबार्ट

जिल्हा न्यायालयात मी ३३ वर्षे लघुलेखक होतो. खुनाच्या खटल्यांतील किती जबाब या हातांनी उतरवून घेतले, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. सेवानिवृत्तीनंतर मुलीने ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटाच्या राजधानीत, होबार्टला, बोलावून घेतले आणि ‘बाबा, इथे तुम्हाला काय पाहायचे आहे ते आधीच सांगा,’ असे फोनवर विचारले, तेव्हा माझ्या तोंडून डोंगर, पेंग्विन किंवा सफरचंदांच्या बागा यांच्याऐवजी अलेक्झांडर पिअर्स या नरभक्षक, पळपुट्या बंदिवानाचे नाव निघाले. तिला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. लहानपणी तिच्या शाळेतील गोष्टींपेक्षा आमच्या घरी जेवताना निघणाऱ्या गोष्टी जास्त रक्तबंबाळ असत, असे तिची आई आजही ऐकवते.

टास्मानियाचे जुने नाव व्हॅन डीमेन्स लँड. १८०३ ते १८५३ या ५० वर्षांत इंग्रज सरकारने ब्रिटन, आयर्लंड आणि आपल्या इतर मुलखांतून सत्तर हजारांहून अधिक बंदिवान या बेटावर आणून सोडले. आपल्याकडच्या काळ्या पाण्याची कल्पना ज्यांना आहे त्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगावा लागणार नाही. बेट मात्र एवढे मोठे आणि इतके रानवट की, तुरुंगाची भिंत समुद्राची होती आणि तिच्या आत जंगलाची दुसरी भिंत होती.

पहिल्या दिवशी आम्ही गावातल्या गावातच कॅम्पबेल स्ट्रीटवरील जुना तुरुंग पाहिला. १८३० च्या सुमारास बंदिवानांसाठी येथे प्रार्थनामंदिर बांधले आणि त्याच्या उतरत्या फरशीखाली एकांतवासाच्या ३६ कोठड्या काढल्या. वर धर्मगुरू प्रवचन करीत असे आणि खाली अंधारात कोंबलेली माणसे आरडाओरडा करीत साखळ्या आपटत असत. काही कोठड्यांत माणसाला नीट बसताही येत नसे. वाकून एका कोठडीच्या दारातून मी आत हात घातला, तर कोपरापर्यंत जाण्याआधीच तिरकी छत हाताला लागली. पुढे याच मंदिराचे न्यायालयात रूपांतर झाले. आरोपीला तुरुंगातून भुयारी वाटेने थेट पिंजऱ्यात आणता येई आणि शिक्षा झाल्यावर पलीकडच्या अंगणात फाशीही देता येई. १८५७ ते १९४६ या काळात त्या अंगणात ३२ जणांना फाशी झाली.

न्यायाधीशांच्या आसनाखाली लिपिकाचे मेज आहे. वाटाड्या बाईंची परवानगी घेऊन मी तेथे बसलो. आरोपीच्या पिंजऱ्याचा लाकडी कठडा नेमका जिथे हात ठेवले जातात तिथे गुळगुळीत झालेला होता. आमच्या न्यायालयातील कठडाही तसाच होता. जावई म्हणाले, ‘बाबा, फोटो काढू का?’ मी नको म्हटले.

दिवस दुसरा : होबार्ट ते स्ट्रॉन

गावाचे नाव लिहिताना ‘स्ट्राहान’ दिसते, पण तेथील माणसे ‘स्ट्रॉन’ म्हणतात. होबार्टपासून सुमारे ३०० किलोमीटर, मोटारीने पाच तास. हा रस्ता ज्या मुलखातून जातो तो मुलूख पिअर्स आणि त्याच्या सोबत्यांनी १८२२ मध्ये उलट दिशेने पायी ओलांडला. त्यांना चाळीसहून अधिक दिवस लागले आणि आठ जणांपैकी पलीकडे एकटा पिअर्स पोहोचला.

पिअर्स आयर्लंडमधील मोनाहन परगण्याचा. सहा जोड बूट चोरल्याबद्दल १८१९ मध्ये त्याला सात वर्षांची हद्दपारी झाली. होबार्टला आल्यावर दारू, चोरी, पळून जाणे आणि पुन्हा फटके खाणे हा त्याचा क्रम चालू राहिला, म्हणून त्याला पश्चिम किनाऱ्यावरील मॅक्वारी हार्बरला पाठवले. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी ही वसाहत १८२२ च्या आरंभीच उघडली होती. २० सप्टेंबर १८२२ रोजी तो सात जणांबरोबर तेथून पळाला. त्यांच्यात रॉबर्ट ग्रीनहिल नावाचा जुना खलाशी होता. सूर्य-ताऱ्यांवरून दिशा काढणे त्यालाच येत होते आणि टोळीतील एकमेव कुऱ्हाडही त्याच्याच हाती होती. पुढे जे घडले ते समजून घ्यायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत.

आम्हीही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच निघालो होतो. न्यू नॉरफोकपर्यंत सगळे हिरवेगार आणि रांगेने लावल्यासारखे होते. डरवेंट ब्रिजच्या अलीकडे तिरपा पाऊस सुरू झाला, त्याचा पुढे बर्फ झाला आणि काचेवरचे पुसणे घरघरू लागले. फ्रँकलिन नदीपाशी गाडी थांबवून आम्ही जंगलातील पाऊलवाटेने थोडे आत गेलो. या भागात ‘हॉरिझॉन्टल’ म्हणून ओळखले जाणारे एक झाड आहे. त्याचे बारीक खोड वाढता वाढता स्वतःच्या भाराने आडवे पडते, त्याच्यातून नवे फुटवे सरळ वर येतात, तेही यथावकाश आडवे होतात, आणि अशी जाळीवर जाळी चढून जमिनीपासून कित्येक फूट उंचीवर ओल्या, निसरड्या फांद्यांचा मजला तयार होतो. माणूस त्या मजल्यावरून चालतो आणि पाय घसरला की खालच्या अंधारात जातो. पाऊलवाट सोडून मी दहा पावले टाकून पाहिली आणि परत फिरलो. या जंगलात खाण्याजोगे काय आहे हे इथल्या मूळ रहिवाशांना हजारो वर्षे ठाऊक होते. पळालेल्या आठांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते.

आठवड्याभरात शिधा संपला. त्यानंतरचा वृत्तान्त पिअर्सच्या कबुल्यांतून कळतो, आणि त्या कबुल्या एकाहून अधिक असल्यामुळे एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. एका कबुलीत अलेक्झांडर डाल्टन हा पहिला बळी ठरतो, तर दुसरीत तो मागे फिरलेल्यांत आहे. विल्यम केनरली आणि एडवर्ड ब्राउन हे दोघे भीतीने मागे फिरले, कसेबसे वसाहतीपर्यंत पोहोचले आणि काही दिवसांतच मरण पावले. पुढे गेलेल्यांपैकी थॉमस बोडनहॅम मारला गेला. मग जॉन मॅदरची पाळी आली. त्याला प्रार्थनेसाठी अर्धा तास देण्यात आला आणि तो संपताच कुऱ्हाड चालली. मॅथ्यू ट्रॅव्हर्स हा ग्रीनहिलचा जिवलग मित्र. त्याच्या पायाला साप चावला. उरलेल्या दोघांनी त्याला आधार देत काही दिवस ओढून नेले आणि शेवटी झोपेत संपवले. मित्राला मारायला ग्रीनहिल तयार झाला, ही या साऱ्या कथेतील मला सर्वांत अवघड वाटणारी जागा आहे, आणि कबुलीत तिच्यावर दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त काही नाही.

उरले दोघे. कुऱ्हाड ग्रीनहिलच्या उशाशी. दोघेही चालत होते, दोघेही शेकोटीपाशी बसत होते आणि दोघांपैकी कोणीच झोपत नव्हता. पिअर्सच्या सांगण्याप्रमाणे एका पहाटे ग्रीनहिलचा डोळा लागला, त्याने कुऱ्हाड काढून घेतली आणि ग्रीनहिलच्या डोक्यात घातली. मागे मुलीचा श्वास मला ऐकू येत होता. गाडीत हीटर चालू होता, थर्मासमध्ये चहा होता, आणि जावयांनी एवढेच म्हटले, ‘बाबा, आता थोडा वेळ राहू द्या.’ मीही थांबलो, कारण क्वीन्सटाउन आले होते आणि ते पाहण्यासारखे होते: तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने आणि त्यासाठी झालेल्या जंगलतोडीने डोंगर असे सोलवटले आहेत की खाटकाकडचे जनावर आठवावे. उपमा वाईट आहे, पण त्या दिवशी मला दुसरी सुचली नाही.

दिवस तिसरा : सारा बेट

मॅक्वारी हार्बर हा समुद्राचा आत शिरलेला प्रचंड फाटा, सिडनीच्या बंदराच्या सहापट. त्याचे तोंड मात्र इतके अरुंद आणि उथळ की बंदिवानांनी त्याला ‘हेल्स गेट्स’ म्हणजे नरकाची दारे असे नाव दिले. सकाळी आमची बोट त्या दारातून बाहेर जाऊन खुल्या समुद्राच्या लाटा खाऊन परत आली. आतले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे आहे. डोंगरांवरील गवत आणि झाडपाला यांचा अर्क नद्यांतून उतरतो, म्हणून. ओंजळीत घेतले की सोनेरी दिसते आणि बोटीच्या कडेवरून पाहिले की काळे.

मॅक्वारी हार्बरची वसाहत ज्यावर होती ते सारा बेट लहान आहे. तासाभरात त्याला फेरी मारून होते. १८२२ ते १८३३ अशी अकरा-बारा वर्षे येथे बंदिवान ठेवले गेले. आज विटांच्या भिंतींचे काही तुकडे, बेकरीचे अवशेष आणि शेवाळलेली पाऊलवाट शिल्लक आहे. पहाटेपासून बंदिवान पाण्यात उभे राहून ह्युऑन पाइनचे ओंडके ओढत असत. हे झाड फार सावकाश वाढते, त्याचे लाकूड सहसा कुजत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. नऊ पदरी चाबकाचे फटके हा रोजचा हिशेब होता. शेजारच्या ग्रमेट नावाच्या खडकावर सर्वांत बेलगाम समजल्या जाणाऱ्यांना रात्री ओल्या कपड्यांनिशी ठेवत. त्या खडकावर १८२७ मध्ये कैद्यांनी जॉर्ज रेक्स नावाच्या कॉन्स्टेबलला पाण्यात बुडवून मारले आणि त्याबद्दल नऊ जण होबार्टला फासावर गेले.

आता पुन्हा पिअर्सकडे, कारण गोष्टीचा दुसरा भाग याच पाण्याच्या काठी घडला. ग्रीनहिलला मारून तो मेंढपाळांच्या मुलखात उतरला, दोन मेंढीचोरांत सामील झाला आणि जानेवारी १८२३ मध्ये पकडला गेला. होबार्टमध्ये दंडाधिकारी रेव्हरंड रॉबर्ट नॉपवूड यांच्यापुढे त्याने सर्व काही सांगून टाकले, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. सोबती रानात मोकळे फिरत आहेत, त्यांना वाचवण्यासाठी हा अशी अघोरी कहाणी रचतो आहे, असा नॉपवूड यांचा ग्रह झाला. प्रेत नाही, हाड नाही, साक्षीदार नाही. आमच्याकडे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेले कितीतरी जबाब मी टंकित केले आहेत. आरोपी पुढे ते फिरवतो आणि सरकारी वकील डोक्याला हात लावतात. येथे सर्व उलटे होते. आरोपी कबुलीला चिकटून होता आणि सरकारलाच ती नको होती. पळून गेल्याच्या गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा मॅक्वारी हार्बरला धाडून देण्यात आले.

तेथे थॉमस कॉक्स नावाचा तरुण बंदिवान, आपल्याला घेऊन पुन्हा पळ, म्हणून त्याच्या मागे लागला. नोव्हेंबर १८२३ मध्ये दोघे पळाले. किंग नदीपाशी आल्यावर कॉक्सला पोहता येत नाही असे पिअर्सला कळले. रागाच्या भरात त्याने त्याला मारले आणि मग एकटाच पुढे जाण्याऐवजी किनाऱ्यावर धूर करून जाणाऱ्या जहाजाला स्वतःच इशारा दिला. पकडला तेव्हा त्याच्या खिशात माणसाचे मांस होते. त्याच्याजवळ पाव, डुकराचे मांस आणि मासेही होते, म्हणजे भुकेची सबब आता उरली नव्हती. तोच माणूस, तेच बोलणे. या वेळी बोलण्याबरोबर मुद्देमाल होता.

वसाहतीचा प्रमुख लेफ्टनंट जॉन कथबर्टसन याने त्याचा जबाब घेतला. पुढच्याच महिन्यात कथबर्टसन स्वतः बंदराच्या पाण्यात बुडून मेला. पिअर्सचा खटला जून १८२४ मध्ये होबार्टच्या सर्वोच्च न्यायालयात चालला. ते न्यायालय जेमतेम महिनाभरापूर्वी सुरू झाले होते आणि जॉन पेडर मुख्य न्यायाधीश होते. आरोप फक्त कॉक्सच्या खुनाचा. १९ जुलै १८२४ रोजी त्याला फाशी झाली, प्रेत शल्यविशारदांच्या स्वाधीन केले गेले आणि डोके वेगळे काढून घेण्यात आले. त्या डोक्याचे पुढे काय झाले ते नंतर सांगतो.

बोटीवर ही गोष्ट सांगताना वाटाड्याने जेवणाच्या वेळेवरून एक विनोद केला. सगळे हसले, मीही हसलो. बेटावरच्या दुसऱ्या गोष्टीला मात्र मी मनापासून हसलो. १८३४ च्या जानेवारीत वसाहत गुंडाळून झाल्यावर येथे बांधलेले शेवटचे जहाज ‘फ्रेडरिक’ होबार्टला न्यायचे होते. मागे ठेवलेल्या दहा बंदिवानांनी ते पळवले आणि प्रशांत महासागर ओलांडून थेट चिलीला नेले. त्यांच्यापैकी चौघे पुढे पकडले गेले आणि १८३७ मध्ये होबार्टला त्यांच्यावर चाचेगिरीचा खटला भरला. त्यांचा बचाव असा की जहाज अद्याप रीतसर नोंदले गेलेले नव्हते आणि बंदर म्हणजे खुला समुद्र नव्हे, तेव्हा ही चाचेगिरी कशी? ते फाशीतून सुटले. कागदावर नसलेल्या जहाजाची चोरी होत नाही, ही पळवाट ऐकून आमच्या बारमधील दोन-तीन ज्येष्ठ वकील माझ्या डोळ्यांपुढे आले.

दिवस चौथा : कोरिना, केप ग्रिम, स्टॅन्ली

कोरिना येथे पायमन नदीवर पूल नाही. तारेवरून ओढली जाणारी एक लहान फेरीबोट गाड्या पलीकडे नेते. नदीचे नाव ‘पाय’ (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) विकणाऱ्या एका पळपुट्या बंदिवानावरून पडले आणि तो बंदिवान म्हणजे पिअर्सच, असे बरेच लोक हौसेने सांगतात. पाय आणि माणसाचे मांस यांची सांगड घालण्याचा मोह कोणाला आवरणार? प्रत्यक्षात तो थॉमस केंट नावाचा निराळाच मनुष्य होता.

पुढचा रस्ता कच्चा, पांढऱ्या खडीचा आणि निर्मनुष्य आहे. दुपारी आम्ही बेटाच्या वायव्य टोकाशी पोहोचलो. केप ग्रिमकडे जाणारी जमीन खाजगी असल्यामुळे फाटकापाशी थांबावे लागले. समोर गवताळ कुरण, गायी आणि पवनचक्क्यांची रांग होती. वारा असा की मोटारीचे दार दोघांनी मिळून लावावे लागले. जगातील सर्वांत स्वच्छ हवेपैकी एक येथे मोजली जाते. १९७६ पासून येथे तसे केंद्र आहे. हवेतील एकेक घटक येथे मोजून लिहून ठेवला जातो.

१० फेब्रुवारी १८२८ रोजी या कड्याखाली ‘व्हॅन डीमेन्स लँड कंपनी’च्या चार मेंढपाळांनी मूळ रहिवाशांच्या एका जथ्यावर गोळ्या झाडल्या. आदल्या वर्षी मेंढपाळांनी त्यांच्या स्त्रियांवर जबरदस्ती केली होती, त्यातून झटापट झाली, एका मेंढपाळाला भाला लागला आणि मूळ रहिवाशांपैकी एक मुख्य मारला गेला. वर्षाअखेरीस मूळ रहिवाशांनी कंपनीच्या मेंढ्या कड्यावरून समुद्रात लोटल्या. त्या मेंढ्यांची संख्या ११८ होती. हा आकडा एवढा नेमका आहे, कारण मेंढीला किंमत होती आणि ती वहीत चढत होती. त्यानंतरच्या गोळीबारात माणसे किती मेली? कंपनीचा मुख्य प्रतिनिधी एडवर्ड कर याने सहा म्हटले. मेंढपाळांपैकी चार्ल्स चेंबरलेन याने दोन वर्षांनी, मूळ रहिवाशांशी समेट करण्यासाठी सरकारने नेमलेल्या जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन यांना स्वतःच्या तोंडाने तीस सांगितले. प्रेते कड्यावरून खाली टाकून देण्यात आली. आकड्यावरून पुढे इतिहासकारांत वाद झाले, पण कत्तल झाली हे बहुतेकांना मान्य आहे.

एडवर्ड कर हाच त्या भागाचा दंडाधिकारीही होता. मारणारे त्याचे नोकर, मेंढ्या त्याच्या कंपनीच्या आणि चौकशी करायची तर ती त्यानेच. चौघांपैकी कोणावरही खटला भरला गेला नाही. फाटकाला टेकून मी मुलीला हे सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, त्या बोटीवाल्याने हे नाही सांगितले.’ सांगणार कसे? पिअर्सच्या गोष्टीत एक राक्षस आहे, आणि तो शेवटी फासावर जातो, तेव्हा प्रवासी निश्चिंत मनाने जेवायला बसू शकतात. इथल्या गोष्टीत चार पगारी नोकर, एक वही आणि एक सही न झालेला कागद आहे. कबुली येथेही होती, तीही दोघांनी दिलेली, आणि बचावलेल्या मूळ रहिवाशांनीही आपली हकीकत सांगितली होती. रॉबिन्सन यांनी ती रोजनिशीत लिहून घेतली आणि तेथेच ती राहिली.

रात्री स्टॅन्लीला मुक्काम केला. कर याचा ‘हायफील्ड’ नावाचा बंगला टेकडीवर आहे. तो आम्ही बाहेरूनच पाहिला. समुद्राकडे तोंड, भोवती हिरवळ, अतिशय सुंदर जागा.

दिवस पाचवा : स्टॅन्ली ते होबार्ट

चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास, त्यातील बराचसा पावसात. ओटलँड्सला चहा घेतला. सॉलोमन ब्ले नावाचा जल्लाद या गावी राहत असे. १८४० ते १८८७ या काळात त्याने दोनशेंच्या आसपास माणसे लटकवली, आणि त्याच्याबरोबर बग्गीत बसायला कोणी तयार होत नसल्यामुळे तो फाशीच्या कामाला पायीच जाई, अशी आख्यायिका आहे. तेथून थोड्या अंतरावर जेरिको लागते. याच परिसरात पिअर्सला पहिल्यांदा पकडले. त्याच्याबरोबर पकडलेले दोघे मेंढीचोर फाशी गेले. पाच सोबत्यांना खाल्ल्याचे सांगणारा पिअर्स त्या वेळी वाचला. मेंढी पुन्हा एकदा कायद्याच्या जास्त जवळची ठरली. रस्त्याकडेला उतरून पाहिले, तर कुंपण आणि मेंढ्या यांखेरीज काही नव्हते.

दिवस सहावा : पोर्ट आर्थर

टास्मान द्वीपकल्पाकडे जाणारी जमिनीची पट्टी ईगलहॉक नेक येथे इतकी निमुळती होते की दोन्हीकडचे पाणी एकाच वेळी दिसते. बंदिवान पळू नयेत म्हणून येथे साखळ्यांनी बांधलेल्या हिंस्र कुत्र्यांची ओळ ठेवलेली असे. त्यापलीकडे १८३० ते १८७७ या काळातील पोर्ट आर्थरची वसाहत आहे. सारा बेटावर पाठ फोडत असत. येथील ‘सेपरेट प्रिझन’मध्ये शिक्षेची निराळी रीत शोधून काढली होती. कैद्याला नाव नाही, क्रमांक. बाहेर काढताना चेहऱ्यावर मुखवटा. पहारेकऱ्यांच्या पायांत आवाज न होणाऱ्या चपला. प्रार्थनेच्या वेळीही प्रत्येकाला उभ्या पेटीसारख्या कप्प्यात असे उभे करीत की शेजारचा दिसू नये. शिक्षेच्या कोठडीला एकामागून एक दारे आहेत. वाटाड्याने ती लावून घेतली तेव्हा मी स्वतःचा हात नाकासमोर धरला आणि तो मला दिसला नाही. अर्ध्या मिनिटाने माझ्या कानांत माझेच रक्त वाहू लागल्याचा आवाज येऊ लागला. शेजारीच वेड्यांचे रुग्णालय बांधावे लागले, याला कोणी योगायोग म्हणू नये.

परिसराच्या एका बाजूला छप्पर नसलेल्या उपाहारगृहाच्या भिंती आणि त्यांच्यापुढे शांत पाण्याचा चौकोनी हौद आहे. २८ एप्रिल १९९६ रोजी येथे आणि आसपास एकाच माणसाने गोळ्या घालून ३५ जणांना ठार केले. मृतांत येथे काम करणारे लोक होते, त्यामुळे त्या दिवसाबद्दल कर्मचाऱ्यांना काही विचारू नये, अशी विनंती पाहुण्यांना केली जाते. मारेकऱ्याचे नाव येथे कोणी उच्चारत नाही. मीही लिहीत नाही. त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे साक्षी-पुरावे झाले नाहीत आणि त्याला ३५ जन्मठेपा झाल्या. घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत देशभरातील बंदूककायदा बदलण्याचे ठरले आणि सरकारने सुमारे साडेसहा लाख शस्त्रे विकत घेऊन नष्ट केली.

आठवडाभर इतक्या उत्साहाने खुनांच्या गोष्टी सांगत आलेला मी त्या हौदाच्या काठी एक शब्दही बोलू शकलो नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे प्रेत आणि ज्याचे भावंड अजून या गावात भाजी घेते असे प्रेत, यांत फरक असतो. तेथे एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. आम्ही आल्यावर ते उठून गेले.

दिवस सातवा : परतीची सकाळ

विमान दुपारचे होते. सकाळी फ्रँकलिन चौकात गेलो, कारण पिअर्सच्या डोक्याची गोष्ट तेथेच पुरी होते असे मला वाटते. ते डोके हेन्री क्रॉकेट नावाच्या शल्यविशारदाकडून फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन यांच्याकडे गेले. मॉर्टन जगभरातील कवट्या जमवून त्यांच्या मोजमापांवरून वंशांची उतरंड लावत असत. त्यांच्या संग्रहातून ती कवटी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आली.

कवट्या जमवण्याचा तो रोग होबार्टमध्येही होता. विल्यम लॅनी हा मूळ रहिवाशांपैकी एक व्हेल शिकारी मार्च १८६९ मध्ये मरण पावला. आपल्या वंशाचा तो शेवटचा पुरुष, अशी तेव्हाच्या विद्वानांची खोटी समजूत होती, म्हणून त्याचा सांगाडा त्यांना हवा होता. शल्यविशारद विल्यम क्राउदर यांनी रात्री शवागारात जाऊन त्याची कवटी काढून घेतली आणि तेथे दुसऱ्याची कवटी बसवली, असा त्यांच्यावर आरोप झाला. क्राउदर यांना उरलेला सांगाडा मिळू नये म्हणून रॉयल सोसायटी या प्रतिस्पर्धी विद्वत्संस्थेच्या बाजूच्या डॉक्टराने लॅनीचे हात आणि पाय कापून नेले. दफनानंतरच्या रात्री कबरही उकरली गेली. ट्रुगानिनी या मूळ रहिवासी स्त्रीला आपली अशीच गत होईल याची भीती होती. ती १८७६ मध्ये वारली आणि तिचा सांगाडा खरोखरच होबार्टच्या संग्रहालयात १९४७ पर्यंत मांडून ठेवला होता. तिची राख समुद्रात सोडली गेली ती १९७६ मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे होत आली तेव्हा. संग्रहालयाने आणि रॉयल सोसायटीने २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली.

क्राउदर यांना रुग्णालयातून निलंबित केले, आणि नऊ वर्षांनी ते टास्मानियाचे मुख्यमंत्री झाले. त्यांचा पुतळा १८८९ मध्ये या चौकात उभा राहिला. शहराच्या परिषदेने २०२२ मध्ये तो हलवण्याचा ठराव केला, पण तो प्रत्यक्ष हलवण्याआधीच मे २०२४ मध्ये कोणीतरी तो रात्रीतून कापून पाडला.

आमच्या नोंदवहीत निकालानंतर भरायचा एक रकाना असे, मुद्देमालाची विल्हेवाट. आरोपीचे कपडे जाळले, दागिने फिर्यादीला परत दिले, हत्यार नाझराकडे जमा, असे मी त्यात शेकडो वेळा लिहिले आहे. कोणाची कवटी कोठे ठेवावी, असा प्रसंग कधी आला नाही. चौकातील दगडी चौथऱ्याभोवती मी एक चक्कर मारली. मुलगी मोबाइलवर जुने छायाचित्र काढून ते वरच्या रिकाम्या जागेशी ताडून पाहत होती.

‘कुठून कापला होता, गं?’ मी विचारले.

‘घोट्यांपासून,’ ती म्हणाली.